शिलंगण आणि ऑक्टोबरचा घोडा : दोन युद्धसणांची तुलना करताना मी कुठं चुकले



पेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय तुलनात्मक घ्यावा असं वाटतंय, अशी अवस्था तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असणार. त्यासाठी नियमांची यादी देण्यापेक्षा माझी एक फजिती सांगते. विषय आहे युद्धाशी जोडलेले सण. एका बाजूला प्राचीन रोम, दुसऱ्या बाजूला आपला दसरा.

मी येलदरीची. जिंतूर तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात केलं आणि आता दख्खनच्या जुन्या कागदपत्रांतल्या पावसाच्या नोंदींवर पीएचडी करतेय. लहानपणीचा दसरा म्हणजे संध्याकाळी गावातली माणसं आणि पोरं वाजतगाजत शिलंगणाला जायची. गावाची शीव ओलांडायची, शमीची पूजा करायची, आपट्याची पानं घेऊन परत यायची. आम्ही मुली घरी थांबायचो आणि ती परत आली की निरांजनानं ओवाळायचो. पाऊस चांगला झाला असेल तर त्या सुमाराला धरण तुडुंब असायचं. आजोबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दसरा झाला, आता वाटा मोकळ्या." त्याचा अर्थ मला कळायला पीएचडीला यावं लागलं.

कोर्सवर्कमध्ये एक सेमिनार द्यायचा होता. मी एक तक्ता केला. डावीकडं रोमचे सण, उजवीकडं दसऱ्याचे विधी. इकडं शस्त्रांची शुद्धी, तिकडं शस्त्रपूजा. इकडं घोडे, तिकडं घोडे. इकडं ऑक्टोबर, तिकडंही बहुतेक ऑक्टोबर. २०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला आला होता आणि रोममधला घोड्याच्या बळीचा सणही बरोबर १५ ऑक्टोबरचा. मी खूश होते. तक्ता बघून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी दोनच वाक्यं बोलली, "सारखेपणा दाखवलास. आता कारण दाखव." माझ्याकडं कारण नव्हतं. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "त्यांनी आपल्याकडूनच घेतलं असणार." सगळे हसले, पण त्या वाक्याला उत्तर द्यायलाही माझ्याकडं काही नव्हतं.

आता आधी सामग्री बघू, मग चूक.

रोमचं युद्धाचं वर्ष

रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्च हे नावच मार्स या युद्धदेवाचं. सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर आठवा, डिसेंबर दहावा, ही मोजणी मार्च पहिला धरली तरच जुळते. लढाईचा हंगामही साधारण मार्च ते ऑक्टोबर असायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना सण होते.

सुरुवातीच्या टोकाला २७ फेब्रुवारी आणि १४ मार्चला इक्विरिया, म्हणजे मार्सच्या मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यती. मार्चमध्येच सालीय नावाचे पुरोहित जुन्या पद्धतीची चिलखतं घालून, ढाली वाजवत, उड्या मारत नगरातून फिरायचे. या ढाली बारा. त्यातली एक नुमा राजाच्या काळात आभाळातून पडली आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून तिच्यासारख्या अकरा बनवून घेतल्या, अशी कथा होती. २३ मार्चला त्युबिलुस्त्रियम, म्हणजे विधीत वाजणाऱ्या रणशिंगांची शुद्धी.

शेवटच्या टोकाला १५ ऑक्टोबरचा 'ऑक्टोबरचा घोडा'. दोन घोड्यांच्या रथांची शर्यत व्हायची. जिंकलेल्या जोडीतला उजवीकडचा घोडा भाल्यानं मारून मार्सला बळी द्यायचे. त्याचं डोकं पावांच्या माळेनं सजवायचे आणि ते मिळवण्यासाठी दोन वस्त्यांमधल्या लोकांत झटापट व्हायची. शेपूट घेऊन एक माणूस पळत 'रेगिया' या पवित्र वास्तूत जायचा आणि तिथल्या अग्निकुंडावर रक्ताचे थेंब पाडायचा. चार दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, आर्मिलुस्त्रियम, म्हणजे शस्त्रांची शुद्धी. त्यानंतर हत्यारं ठेवून द्यायची.

आपला युद्धाचा हंगाम

रोमचा हंगाम ऑक्टोबरमध्ये बंद व्हायचा, तर मराठ्यांचा ऑक्टोबरच्या आसपास उघडायचा. माझ्या तक्त्यात हा फरक दिसतच नव्हता, कारण मी फक्त महिना जुळवला होता. सण कोणत्या टोकाचा आहे ते बघितलंच नव्हतं.

कृष्णाजी अनंत सभासद यानं १६९४ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या लष्कराचा वार्षिक क्रम आहे. पावसाळ्यात लष्करानं आपल्या मुलखात छावणीला यायचं. तिथं दाणा, वैरण, औषधं, घरं आधीच तयार ठेवायची. दसरा झाला की छावणी सोडून कूच करायचं. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी करायची. आठ महिने बाहेरच्या मुलखावर पोट भरायचं. परत येताना पुन्हा झडती, आणि यादीपेक्षा जास्त निघालं तर ते सरकारजमा.

छावणीचे हाल समजून घ्यायचे असतील तर महाराजांचं १६७० च्या दशकातलं, चिपळूण भागातल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र जरूर वाचा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळून टाकाल तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि त्यांना मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जातं. सैन्य म्हणजे तलवारी असं आपण धरून चालतो. पत्र वाचल्यावर कळतं की ते चारा आणि पाणी यांवर चालतं.

दसऱ्याचा विधी याच क्षणाला बांधलेला आहे. नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा. दशमीला अपराजितापूजन, शमीपूजन आणि सीमोल्लंघन. 'धर्मसिंधु' या १७९० च्या सुमाराच्या ग्रंथात हे सगळं नीट लावून दिलेलं आहे. मुळं मात्र फार जुनी आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात आश्विनातल्या नवव्या दिवशी घोड्यांचं नीराजन करावं, तसंच मोहिमेच्या सुरुवातीला आणि शेवटी करावं, असं सांगितलंय. नीराजन म्हणजे दिवे ओवाळून केलेली शुद्धी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कालिदासाचा रघूसुद्धा शरद ऋतू आल्यावर, घोड्यांचं नीराजन करून दिग्विजयाला निघतो. आम्ही मुली ज्या निरांजनानं ओवाळायचो त्याचं नाव इथून आलेलं.

कारण शोधताना

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, म्हणून मला सवयीनं आधी पावसाचा आलेख आठवला. रोममध्ये जुलै सगळ्यात कोरडा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात ओला. भूमध्य समुद्राभोवती पाऊस थंडीत पडतो. वेगेटियस या लेखकानं नोंदवलंय की ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र जहाजांना बंद समजायचे. मार्चमध्ये गवत वर येतं, रस्ते सुकतात, घोड्यांना चारा मिळतो. म्हणून हंगाम मार्चमध्ये उघडतो आणि पाऊस सुरू होताना मिटतो.

आपल्याकडं उलट. मराठवाड्यात वर्षाच्या पावसाचा सुमारे चार पंचमांश भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. त्या दिवसांत काळ्या रानातून बैलगाडी न्यायची काय गत होते हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथं तोफ ओढायची कल्पना करा. गोदावरी, पूर्णा, दुधना यांना उतार नसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून इथून माघारी फिरतो. नद्या उतरतात, गवत कमरेएवढं झालेलं असतं, खरिपाची कापणी सुरू झालेली असते. म्हणजे वाट, पाणी आणि चारा एकदम मिळतात. आजोबांच्या "वाटा मोकळ्या"चा अर्थ हाच.

अजून एक दुवा आहे. दोन्हीकडं सैनिक बऱ्याच अंशी शेतकरी होते. सुरुवातीच्या रोममध्ये जो नांगर धरायचा तोच भाला घ्यायचा, आणि म्हणूनच मार्स हा शेताचाही रखवालदार होता. केटोच्या शेतीवरच्या पुस्तकात शेताची शुद्धी करताना त्याचीच प्रार्थना आहे. आपल्याकडं खंडेनवमीला तलवारीशेजारी कुळव, पास, विळा मांडला जायचा. आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकलला हार घालतो.

म्हणून माझं सुधारलेलं गृहीतक असं झालं : युद्धाचा सण त्या-त्या प्रदेशातला पाऊस सैन्याला जेव्हा हलू देतो त्या वेळेभोवती तयार होतो. दोन प्रदेशांतला पाऊस उलटा असेल तर सणांचा क्रमही उलटा असेल. यात कुणी कुणाकडून घेतलं असं मानायची गरज पडत नाही.

मागच्या बाकावरच्या त्या आवाजाला उत्तर तर बावीसशे वर्षांपूर्वीच दिलेलं सापडलं. तिमेयस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलं होतं की रोमन लोक ऑक्टोबरमध्ये घोडा मारतात, कारण ते ट्रॉयवाल्यांचे वंशज आहेत आणि ट्रॉय लाकडी घोड्यामुळं पडलं. पॉलिबियसनं त्याची खिल्ली उडवली. त्याचा मुद्दा असा की युद्धाला निघताना घोडा बळी देणाऱ्या जमाती असंख्य आहेत, मग त्या सगळ्यांना ट्रॉयचे वंशज म्हणायचं का? सारखेपणा दिसला की लगेच नातं जोडायचं नाही, हा धडा इतका जुना आहे.

पहिली कसोटी : सण खरंच ऋतूला धरून राहतो का?

गृहीतक सुचलं म्हणजे काम झालं असं नाही. ते मोडायचा प्रयत्न स्वतःच करावा लागतो.

रोमचं जुनं वर्ष ३५५ दिवसांचं होतं. मधूनमधून अधिक महिना घालून ते जुळवायचं काम पुरोहितांच्या मंडळाकडं होतं. त्यांनी ते वेळेवर केलं नाही की पंचांग घसरायचं. किती घसरलं हे ग्रहणांवरून कळतं. इ.स.पू. १९० मधल्या एका सूर्यग्रहणाची तारीख लिव्ही ११ जुलै अशी देतो. खगोलगणितानं ते ग्रहण १४ मार्चचं निघतं. जवळपास चार महिन्यांचा फरक! म्हणजे त्या काळात रोमच्या पंचांगात 'मार्च' आला तेव्हा बाहेर नोव्हेंबर चालू होता. हंगाम उघडण्याचा सण हंगाम मिटताना होत होता.

याची किंमत काय असते त्याचं उदाहरण त्याच वर्षाच्या अखेरचं आहे. आशियात अँटायोकसवर चालून निघालेलं रोमन सैन्य हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीपाशी थांबून राहिलं. कारण पब्लियस स्किपिओ, हॅनिबलला हरवणारा तो प्रसिद्ध सेनापती, स्वतः सालीय पुरोहित होता. ढालींच्या मिरवणुकीच्या दिवसांत सालीयानं जिथं असेल तिथंच राहायचं असा नियम. युद्धाचा हंगाम उघडणारा सण, आणि त्यानंच सैन्य अडवून धरलं.

इ.स.पू. १५३ मध्ये दुसरा बदल झाला. स्पेनमधल्या युद्धासाठी सेनापतींना लवकर निघता यावं म्हणून कॉन्सलनी पदभार घ्यायची तारीख १५ मार्चवरून १ जानेवारीवर आणली. राज्य पसरलं, रणभूमी लांब गेली, तसं जुनं वेळापत्रक पुरेना. सण मात्र मार्चमध्येच राहिले. शेवटी सीझरनं पंचांग सुधारलं, आणि त्यासाठी इ.स.पू. ४६ हे एक वर्ष तब्बल ४४५ दिवसांचं करावं लागलं.

आता आपलं पंचांग. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे दर वर्षी ११ दिवसांची तूट. साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि तूट भरून निघते. हा नियम गणिताचा आहे, कुणाच्या मर्जीचा नाही. म्हणून दसरा मागं-पुढं होतो पण निसटत नाही. २०२० ला २५ ऑक्टोबर, २०२१ ला १५, २०२२ ला ५, २०२३ ला २४, २०२४ ला १२, २०२५ ला २ ऑक्टोबर. आपलं वर्ष नक्षत्रांना धरून असल्यामुळं ऋतूच्या तुलनेत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस सरकतं. शिवकाळापासून हा फरक सुमारे पाच दिवसांचा झालाय. पावसाच्या हिशेबात तो चालून जातो.

म्हणजे या कसोटीवर माझं गृहीतक दसऱ्यासाठी टिकलं. रोमसाठी मात्र 'सण ऋतूला धरून तयार झाला, पण धरून राहिला नाही' अशी दुरुस्ती करावी लागली. आणि २०२१ च्या १५ ऑक्टोबरचा योगायोग? तो कचऱ्यात. दसरा असा मागं-पुढं हिंडत असेल तर कधीतरी तो १५ ला पडणारच.

एक सूचना जाता जाता. सतराव्या शतकातल्या इंग्रजी वखारींच्या कागदांतल्या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत आणि त्या आजच्या पद्धतीपेक्षा दहा दिवस मागं आहेत. इंग्रजांनी पंचांग १७५२ मध्ये बदललं. पंचांगाची तिथी आणि इंग्रजी तारीख जुळत नसेल तर आधी हे तपासा, मग कागदावर शंका घ्या.

दुसरी कसोटी : सैन्यं खरंच सणानुसार हलायची का?

इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मी मुद्दाम उलटी उदाहरणं शोधली.

१६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा ऐन पावसाळ्यात चालू होता, आणि महाराज आषाढातल्या पावसातच तिथून निसटले. वेढा घालणाऱ्यानं पाऊस मानला नाही.

१७६०. उदगीरची लढाई फेब्रुवारीत संपली आणि सदाशिवरावभाऊंची फौज मार्चमध्ये परतूरहून उत्तरेकडं निघाली. परतूर आज जालना जिल्ह्यात, आमच्यापासून फार लांब नाही. निघताना हंगाम उघडा होता, पण यमुनेपर्यंत पोचता पोचता पावसाळा आला. यमुना फुगलेली, पलीकडं अब्दाली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, तरी नदी ओलांडता येईना. १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं आणि १९ ला तिथंच दसरा झाला. आठवड्याच्या आत अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला. दसऱ्याला नदी उतरते ती आपल्यासाठी आणि शत्रूसाठीही. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

१८०३. आर्थर वेलस्ली. या माणसानं पावसाळ्याचा विचार उलटा केला होता. नद्या भरलेल्या असतात तेव्हा मराठ्यांच्या चपळ घोडदळाला हालचाल करता येत नाही, आणि आपल्याजवळ नावांची सोय असेल तर आपण नदी ओलांडू शकतो, म्हणून पावसाळा आपल्याला सोयीचा, असं त्यानं आपल्या टिपणात आधीच मांडून ठेवलं होतं. त्यानं अहमदनगरचा किल्ला १२ ऑगस्टला घेतला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या वर्षीचा दसरा अजून यायचा होता.

असई आज जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं गाव. केळणेला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघून वेलस्लीनं ताडलं की इथं येण्याजाण्याची वाट असणारच, आणि तिथून फौज पलीकडं नेली. केळणेचं पाणी पुढं पूर्णेला मिळतं आणि पूर्णा आमच्या येलदरीच्या धरणात येते. ज्या पाण्याच्या काठी मी दसरा खेळले त्याच्याच वरच्या अंगाला हे घडलं, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

असईचा पराभव दसऱ्याची वाट बघितल्यामुळं झाला असं लिहाल तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. मराठी फौज रणांगणात हजर होती, लढलीही जोरात. तोफखाना, सेनापतींमधला बेबनाव, कंपनीची शिस्त अशी कारणं अनेक आहेत. माझा मुद्दा मर्यादित आहे. सणात गोठलेलं वेळापत्रक ही सैन्याची सवय असते, आणि सवय शत्रूलाही वाचता येते.

या कसोटीनंतर गृहीतकात दुसरी दुरुस्ती झाली. सण सैन्याचा नियम सांगतो, सैन्याची रोजनिशी सांगत नाही. सणावरून मोहिमेची तारीख काढता येत नाही. मोहिमेच्या तारखांवरून नियम किती पाळला गेला हे मात्र तपासता येतं.

तिसरा प्रश्न : हा सण कुणाचा?

हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. तो सुचला सभासदाच्या "आठ महिने बाहेरच्या मुलखावर" या तपशिलामुळं. बाहेरचा मुलूख म्हणजे कुणाचा तरी गाव. अठराव्या शतकात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि चौथाई-सरदेशमुखीसाठी मराठी फौजाही इथं यायच्या. पुण्या-साताऱ्याकडं दसऱ्याला शीव ओलांडली जायची तेव्हा ज्या शिवेत पाऊल पडायचं ती आमच्यासारख्यांची असायची. नद्या उतरल्या, ज्वारी उभी आहे, चारा भरपूर आहे, म्हणजेच फौज येण्याचे दिवस आले. आजोबा "वाटा मोकळ्या" आनंदानं म्हणायचे. त्यांच्या खापरपणजोबांनी हेच वाक्य कोणत्या सुरात म्हटलं असेल, असा विचार मनात येतो.

आपण आपट्याचं पान देताना 'सोनं लुटलं' म्हणतो. त्यामागं रघू, कौत्स आणि कुबेराची कथा सांगितली जाते. पण 'लुटणं' हे क्रियापद इतक्या सहजपणे सणात बसलं, याचा संबंध मोहिमेशी असावा असं मला वाटतं. हे मी अजून सिद्ध करू शकत नाही, म्हणून प्रबंधात लिहिलेलं नाही. इथं 'वाटतं' म्हणून सांगतेय. तुम्हीही 'वाटतं' आणि 'आहे' यांतली रेघ जपा.

दसरा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. यंदाही मी गावी जाणार आहे, मोठ्यांना सोनं देऊन पाया पडणार आहे. सणाचा अर्थ बदलत जातो. रोममध्येही १९ मार्चचा मार्सचा दिवस पुढं मिनर्व्हाचा, म्हणजे विद्येचा आणि कारागिरांचा सण म्हणून ओळखला गेला. आपल्याकडं दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात ती आठवा. (थांबा! पुन्हा तक्ता करायला लागले मी.)

तुमच्या सिनॉप्सिससाठी

थोडक्यात सांगायचं तर चार गोष्टी.

एक, तुलना करताना आधी वेगळेपण शोधा. माझं गृहीतक सारखेपणातून निघालं नाही. एकाचा हंगाम ज्या महिन्यात मिटतो त्याच महिन्यात दुसऱ्याचा उघडतो, या फरकातून निघालं.

दोन, 'कुणी कुणाकडून घेतलं' हा पहिला प्रश्न नसावा. संपर्काचा पुरावा असेल तरच तो विचारा. नसेल तर समान परिस्थितीतून समान गोष्ट तयार होते का, ते बघा.

तीन, उलटी उदाहरणं स्वतः शोधा आणि प्रबंधात घाला. १६६०, १७६० आणि १८०३ मी लपवली असती तर गृहीतक देखणं दिसलं असतं, पण पहिल्याच प्रश्नात पडलं असतं.

चार, तारीख दिसली की ती कोणत्या पंचांगाची हे विचारा. विज्ञान शाखेच्या मुलांनी इथं लाजू नये. ग्रहणाचं गणित, पावसाचा आलेख, मातीचा गुणधर्म या गोष्टी इतिहासाच्या टेबलावर मांडायला आपल्याकडं आहेत.

तो सेमिनार मी पुढच्या सत्रात पुन्हा दिला. तक्ता काढून टाकला होता. दोन आलेख होते, रोमचा पाऊस आणि परभणीचा पाऊस, आणि दोन्हींवर सणांच्या खुणा. तेच प्राध्यापक समोर होते. त्यांनी विचारलं, "मग ज्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही थांबला नाही, त्या वर्षी फौजांनी काय केलं?" याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. पण हा प्रश्न आता माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आहे. पहिल्या वेळी प्रश्नानं मला गप्प केलं होतं. या वेळी त्यानं काम दिलं.

तुमच्या गावात शिलंगणाला कोणत्या दिशेला जातात, शीव कुठं धरतात, खंडेनवमीला काय काय मांडतात, हे घरच्या मोठ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं वय आणि तारीखही लिहा. संशोधनाची सुरुवात इथूनही होते.

भेटू पुढच्या लेखात.